दारावरच्या बेलवर नाव कुणाचं?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे आठ यंत्रमाग आहेत. थोरल्या मुलीला जर्मनीत आखेनला वस्त्र अभियांत्रिकीच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय. ऑक्टोबरला जायचंय. ऑनलाइन एक घर सापडलं. फर्निचर, वीज, इंटरनेट धरून महिना ३८० युरो. मालक डॉक्टर आहेत, नोकरीसाठी नॉर्वेला गेलेत, त्यामुळे घर दाखवायला कुणी नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं असे ११४० युरो भरले की चावी कुरिअरनं येईल. सात दिवसांत पसंत नाही पडलं तर पैसे परत. त्यांनी स्वतःचा पासपोर्ट पाठवला, मुलीचाही मागून घेतला. बँकेची कटकट नको असेल तर पुण्यातल्या त्यांच्या मित्राच्या खात्यात रुपयांत भरा म्हणाले. मागं अजून चार जण लागलेत, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आमचे मेव्हणे म्हणतात, भाड्यात पैसा घालवण्यापेक्षा दुबईत फ्लॅट घे. पुण्यात हॉटेलात प्रदर्शन आहे, दोन लाख टोकन कार्डावर भरलं की बुक. काय करावं? – एक वडील, जुळे सोलापूर"

भाऊ, शुक्रवारची वाट बघू नका. पैसे भरायचे नाहीत, हे आत्ताच ठरवून टाका. ते घर तुमच्या मुलीला मिळणार नाही, कारण ते देण्याचा अधिकार त्या 'डॉक्टरां'ना नाही. फोटोतलं घर कुठंतरी असेलही. त्यात कुणीतरी राहतही असेल, आणि आपल्या हॉलचा फोटो सोलापुरात पोचलाय हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसेल.

आता मला सांगा, तुम्ही जुळे सोलापुरात जागा घेतली तेव्हा काय काय केलं होतं? सातबारा काढला असेल. गुंठेवारीचं काही लफडं आहे का बघितलं असेल. वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतला असेल. चतुःसीमा पायानं फिरला असाल, आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिता पिता "ही जागा नक्की कुणाची हो?" असं दोघा-तिघांना विचारलं असेल. एवढं झाल्यावर मग कुठं इसार दिला असेल, तोही पावती घेऊन. आणि इथं लाखाच्या वर रक्कम, न बघितलेल्या घरासाठी, न भेटलेल्या माणसाला! समोरचा साहेब गोड इंग्रजीत लिहितो, तिकडचा आहे, त्यात डॉक्टर आहे, म्हणून आपण आपली सगळी चिकित्सा दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवतो. 'तिकडं असं फसवत नाहीत' हा आपला भोळा समज असतो. आणि हा माणूस तिकडचाच आहे, हे तरी कुणी बघितलंय?

तुमच्या पत्रातली एकेक गोष्ट घेऊ.

मालक परदेशात, चावी कुरिअरनं. ही या धंद्यातली सगळ्यात जुनी गोष्ट. कधी डॉक्टर असतो, कधी इंजिनिअर, कधी नुकताच विधुर झालेला सद्गृहस्थ. पेशा बदलतो, पण घर दाखवायला कुणी नसतं हे बदलत नाही. पाहुणा, शेजारी, एजंट, सफाईवाली बाई, कुणीच नाही? ज्याचं घर आहे त्याला चावी फिरवायला गावात एकही माणूस मिळत नाही, हे पटतं का?

सगळं धरून ३८० युरो. विद्यापीठाच्या गावात, ऑक्टोबरच्या तोंडावर, सामानसुमान असलेलं स्वतंत्र घर, वीज-इंटरनेटसकट. जर्मनीत भाडं दोन प्रकारे सांगतात. 'काल्टमिटे', म्हणजे शब्दशः थंड भाडं, हे नुसत्या जागेचं. 'वार्ममिटे' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई वगैरे मिळवून. वीज-इंटरनेट बहुतेक वेळा त्याहून वेगळं. ज्या जाहिरातीत हा हिशोबच नाही, एकच गोल आकडा आहे आणि तो आजूबाजूच्या जाहिरातींपेक्षा बराच खाली आहे, तो आकडा आपल्यासारख्यांसाठीच टाकलेला असतो.

आता कायदा. जर्मनीत राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेइतकं घेता येतं. भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत द्यायची मुभा असते, आणि पहिला हप्ता द्यायचा तो भाडं सुरू होताना. म्हणजे दोन महिन्यांचं डिपॉझिट हा आकडा बेकायदा नाही. भामटे हुशार असतात, कायद्यात बसेल असाच आकडा सांगतात. खटकायला हवं ते हे, की सगळं आधी आणि घर नंतर. याला अपवाद आहेत. विद्यार्थ्यांची सरकारमान्य वसतिगृहं डिपॉझिट आधी भरायला सांगतात. पण तिथं पैसे संस्थेच्या नावावरच्या खात्यात जातात, आणि ती संस्था विद्यापीठाच्या पानावरून शोधता येते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. जर्मनीत बहुतेक इमारतींना आपल्यासारखे फ्लॅट नंबर नसतात. 'बी विंग, ३०४' असा प्रकार नाही. दारावर बेलच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक बेलपुढं राहणाऱ्याचं आडनाव. पोस्टमनही आडनाव बघूनच टपाल टाकतो. म्हणून तिथं घर खरं की खोटं याचा पहिला तपास अगदी सोपा आहे: बेलवर नाव कुणाचं? मालकाला आधी विचारायचं, आणि तिथं राहणाऱ्या कुणाला तरी जाऊन बघायला सांगायचं. वालचंदची आणि इतर कॉलेजांची किती तरी मुलं आज जर्मनीत आहेत. तुमच्या मुलीच्या सीनिअरचा सीनिअर आखेनमध्ये नक्की सापडेल. अर्धा दिवस बसनं जाऊन यायचं काम आहे. त्याला वाटखर्च द्या आणि मुलगी जाताना शेंगा चटणीचा डबा पाठवा. एवढ्यात लाख वाचतात.

पण नुसतं बघून येणंही पुरत नाही, हे लक्षात ठेवा. काही महाभाग तीन-चार दिवसांसाठी पर्यटकांचं घर भाड्यानं घेतात, खऱ्या चावीनं दार उघडून वीस जणांना दाखवतात आणि विसांकडूनही डिपॉझिट घेऊन पसार होतात. म्हणून घर बघणाऱ्यानं शेजारची बेलही वाजवावी. आणि मालकाला एक प्रश्न जरूर विचारावा: "आन्मेल्डुंगचा कागद देणार का?"

हे काय असतं सांगते. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, ती आन्मेल्डुंग. त्यासाठी घर देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो. त्या दाखल्याचं नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. आपल्या लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांच्या यादीइतका लांब शब्द आहे, पाठ करायची गरज नाही. पण या नोंदीवर पुढं राहण्याचा परवाना आणि बाकीची किती तरी कामं अडतात. जो माणूस "नोंदणी इथं करता येणार नाही" म्हणतो, तो एक तर मूळ मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवतोय किंवा त्याचं घरच नाही. दोन्ही प्रकारांत आपण तिथं जायचं नाही.

त्यांनी स्वतःचा पासपोर्ट पाठवला, म्हणून तुम्हाला भरवसा वाटला. भाऊ, तो पासपोर्ट खरा असेलही, पण बहुधा तो त्यांचा नसेल. तुमच्यासारख्याच आधीच्या कुणीतरी 'खात्रीसाठी' पाठवलेला असेल. आणि आता तुमच्या मुलीचा पासपोर्ट त्यांच्याकडं आहे. उद्या नागपूरच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या बापाला तो दाखवून सांगतील, "ही बघा, घरमालकीण". मुलीला रागावू नका, तिनं जे मागितलं ते दिलं. पण राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून ठेवा, जाहिरात आणि सगळे ईमेल-चॅट जपून ठेवा. पुढं कुणालाही ओळखपत्राची प्रत द्यायची वेळ आली तर त्यावर आडवं लिहायचं: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला.

आणि तो पुण्यातला मित्र! पत्रात हे वाचलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. आखेनच्या घराचं भाडं पुण्याच्या खात्यात रुपयांत? ते खातंही बहुधा भाड्यानंच घेतलेलं असतं. कुठल्या तरी गरजू पोराला पाच-दहा हजार देऊन त्याचं खातं वापरतात, पैसे आले की तासाभरात पुढं पाठवतात. वर परदेशातलं देणं असं इथल्या इथं मिटवणं हा एक प्रकारचा हवाला झाला, आणि फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात ते बसत नाही. म्हणजे फसलेलेही तुम्ही आणि उत्तरं देणारेही तुम्हीच.

बँकेच्या कटकटीबद्दल थोडं माझं. मी नोकरीतली बरीच वर्षं परदेशी पैसे पाठवण्याच्या टेबलावर काढली. एकदा एक गृहस्थ मुलाच्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या खोलीचे पैसे पाठवायला आले. ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज), पॅन, प्रवेशपत्र, सगळं जागच्या जागी. करारावर मालक पुरुष होता, खातं एका बाईच्या नावावर. मी विचारलं. "एजंट आहे ती," म्हणाले. कागद पुरे होते, मागं रांग होती, मी सही केली. मुलगा तिथं पोचला तेव्हा घर होतं, पण त्यात एक कुटुंब दहा वर्षं राहत होतं. पैसे परत मागवायचा संदेश आम्ही पाठवला, तोवर ते खातं रिकामं झालं होतं. बँक तुमचे कागद तपासते. घर तपासणं हे तिचं काम नाही आणि तिला ते जमतही नाही. त्या टेबलावर बसून मी हे शिकले, पण ते गृहस्थ त्याची किंमत मोजून गेले.

त्यामुळे खातं कुणाच्या नावावर आहे हे आपणच बघायचं. करारावरचं नाव, ओळखपत्रावरचं नाव, खात्यावरचं नाव आणि बेलवरचं किंवा मालकीच्या कागदावरचं नाव, ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. युरोपातल्या खाते क्रमांकाची, म्हणजे आयबॅनची, पहिली दोन अक्षरं देशाची असतात. जर्मनीच्या आयबॅनला सुरुवातीला 'डी-ई' असतं आणि एकूण २२ अक्षर-आकडे. घर आखेनला, मालक नॉर्वेत आणि खातं तिसऱ्याच देशातलं असेल तर 'का' ते विचारा. तेवढ्यानं माणूस चोर ठरत नाही, युरोपात एका देशातलं खातं दुसरीकडं सर्रास चालतं. पण उत्तर देताना तो कसा चुळबुळतो ते बघण्यासारखं असतं. क्रिप्टो, गिफ्ट कार्ड, रोख पाठवायच्या सेवा यांचं नाव कुणी काढलं तर पुढं बोलायचंच नाही.

मग मुलीनं राहायचं कुठं? माझं मत स्पष्ट आहे: कायमचं घर सोलापुरात बसून ठरवायचंच नाही. आजच दोन कामं करा. आखेनच्या विद्यार्थी सेवा संस्थेकडं, म्हणजे 'श्टुडीरेंडेनवेर्क'कडं वसतिगृहासाठी अर्ज टाका. रांग लांब असते, म्हणून प्रवेश मिळाला त्याच दिवशी टाकायला हवा होता. आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला ईमेल करा. हे दोन्ही झालं की पहिल्या तीन-चार आठवड्यांची तात्पुरती सोय बघा: युथ हॉस्टेल, नाव असलेल्या संकेतस्थळावरची आणि त्याच संकेतस्थळावर पैसे भरायची खोली, नाहीतर सीनिअर मुलींच्या सामाईक घरातली रिकामी खोली. सामाईक घराला तिथं 'वेगे' म्हणतात. ते पैसे जास्त वाटतील. पण मुलगी तिथं असली की घर स्वतः बघेल, बेल वाजवेल, नळ सोडून बघेल. आपण घर बघायला जातो तेव्हा पहिल्यांदा नळच सोडतो की नाही?

एक धोक्याची सूचना आखेनपुरती. गाव सीमेवर आहे, पलीकडं नेदरलँड्समधलं फाल्स लागतं आणि विद्यार्थी तिथं खोल्या घेतात. दिसायला बसचं तिकीट तेवढं. पण तो दुसरा देश आहे. जर्मनीचा व्हिसा असलेल्या भारतीय विद्यार्थिनीला तिथं राहण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. स्वस्त दिसलं म्हणून तिकडं उडी नको.

आणखी एक. जर्मन व्हिसासाठी तुम्ही ब्लॉक केलेलं खातं उघडलं असेल, वर्षाला ११,९०४ युरोचं. त्यातून महिन्याला ९९२ मिळतात, तेही तिथं गेल्यावर. डिपॉझिट त्यात धरू नका, ते वेगळं काढून ठेवा. पहिल्याच महिन्यात हात आखडला की माणूस स्वस्त जाहिरातीकडं पुन्हा वळतो.

इंग्लंड-आयर्लंडला मुलं असलेल्या वाचकांसाठी घाईत दोन ओळी. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्यानं डिपॉझिटला नेहमीच्या घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, घर 'धरून ठेवायला' एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, आणि सर्वसाधारण भाडेकरारात मालकानं डिपॉझिट ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावं लागतं. घराचा मालक कोण हे तिथं सरकारी भूमी नोंदणी कार्यालयाकडून थोडी फी भरून कुणालाही ऑनलाइन बघता येतं, आपल्या सातबाऱ्यासारखं. (जर्मनीत तसं नाही, तिथली नोंद बघायला सबळ कारण दाखवावं लागतं.) आयर्लंडमध्ये डिपॉझिट एका महिन्याचं आणि आगाऊ भाडं एका महिन्याचं, त्याहून जास्त मागणाऱ्याला कायदा दाखवा.

आता मेव्हण्यांचं दुबई. मेव्हण्यांना दुखवायचं नसतं हे मला कळतं. पण मुलगी आखेनला शिकणार आणि फ्लॅट दुबईत घ्यायचा, यात भाडं कुणाचं वाचलं?

तरी घ्यायचाच असेल तर दुबईची व्यवस्था ढिसाळ नाही. बिल्डरांवर नजर ठेवणारं आपलं महारेरा २०१७ चं, त्यांची तशीच रेरा २००७ ची. चालू बांधकामातल्या घराचे पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो, म्हणजे त्याच बांधकामासाठी राखून ठेवलेल्या खात्यातच भरायचे, असा तिथं २००७ पासून कायदा आहे. दुबई लँड डिपार्टमेंटचं 'दुबई रेस्ट' नावाचं ॲप आहे, त्यात प्रकल्प आणि एजंट नोंदलेले आहेत की नाही ते बघता येतं. जाहिरातीलाही परवाना क्रमांक लागतो. हॉटेलातल्या प्रदर्शनात, एसीत, थंड सरबत पीत असताना यातलं एकही आपण विचारत नाही. बिल्डरच्या किंवा एजंटच्या खात्यात टोकन मागितलं की उठून यायचं. "आज बुक केलं तर गोल्डन व्हिसा" असं कुणी म्हणालं तर घराची किंमत विचारा. दहा वर्षांच्या व्हिसासाठी २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. छोट्या स्टुडिओवर तो मिळत नाही. 'खात्रीचं भाडं' हा शब्द ऐकला की ती खात्री कोण देतं, किती वर्षं देतं आणि करारात कुठं लिहिलंय, एवढं विचारा. बहुतेक वेळा ते भाडं किमतीतच आधी चढवलेलं असतं.

आणि कार्डावर टोकन अजिबात नको. परदेशातली जागा घ्यायला पैसे पाठवायचा रस्ता एकच, बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. क्रेडिट कार्ड त्यासाठी नाही. दहा लाखांच्या वर जी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आधीच गोळा करायचा कर, कापून घेईल. तो करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, आणि मागाच्या धंद्यात अडकलेला पैसा काय करतो ते मी तुम्हाला सांगायला नको. जागा घेतल्यावर दरवर्षी आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दाखवायची. राहून गेलं तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. मेव्हण्यांना हे प्रदर्शनात कुणी सांगितलं का, सहज विचारून बघा.

हे उत्तर छापून येईपर्यंत तुम्ही पैसे भरूनच बसला असाल, तर लाजत बसू नका. पुण्याच्या खात्यात गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. परदेशात गेले असतील तर शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, पैसे परत मागवायचा संदेश लगेच पाठवायला लावा, आणि पोलीस आयुक्तालयाच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. इथं दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात.

नसतील भरले आणि मन अजून 'खरं असलं तर?' म्हणत असेल, तर मुलीला सांगा, त्या डॉक्टरांना एवढंच लिही: "माझा चुलतभाऊ आखेनमध्येच असतो. उद्या अकरा वाजता घर बघायला येतोय. बेलवर कोणतं नाव बघायचं?" चुलतभाऊ नसला तरी चालेल. उत्तर आलं तर मला पाठवा, मी ते जपून ठेवीन. अशा प्रश्नाला सरळ उत्तर दिलेला एकही डॉक्टर अजून माझ्या बघण्यात नाही.